सवयीची तारीख

नाव पुकारलं तसे विद्यापीठाचे मुख्य वकील सबनीस कसेबसे उठले. बावीस वर्षं याच कोर्टात उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. पलीकडे मंजिरी उभी होती. तिची पदवी सात वर्षं विद्यापीठानं अडवली होती. आज मात्र 'पदवी देऊन टाका' असं कुलगुरूंचं पत्र सबनीसांच्या हातात होतं.

"मिलॉर्ड, पुढची तारीख मिळावी," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"चार आठवडे," जजसाहेबही सवयीनंच म्हणाले.

"साहेब, सोमवारी सरकारी भरतीचं वय संपतंय माझं. पदवीशिवाय कोण घेईल?" मंजिरी रडकुंडीला आली.

टेकलेले सबनीस टेबल धरून पुन्हा उठले. "मिलॉर्ड, चुकलं. पदवी आजच देतोय."

"विद्यापीठाची चूक झाली, असं नोंदवू?" जजसाहेबांनी विचारलं.

"नको. माझं नाव लिहा. सातही वर्षं तारखा मीच मागितल्यात."