साध्या पाण्याची बशी

फिल्म उजेडात धरली आणि बाईंचा चेहरा पडला. साध्या पाण्याच्या बशीची पट्टी पुन्हा काळीकुट्ट.

"हिला हार्मोन कुणी घातलं?"

"कुणी नाही," अबोली म्हणाली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण दिवसाकाठी चार शब्द बोलणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेने दुसरं काय म्हणावं?

प्रयोग तसा सरळ होता. यकृताच्या पेशी दोन बशांत वाढवायच्या आणि रात्रभर उपाशी ठेवायच्या, म्हणजे त्या गपगार होतात. दुपारी एका बशीत हार्मोन घालायचं. ते पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. दारावरची कडी वाजवतं नि बाहेरच थांबतं. आत मात्र धांदल उडते. एक रेणू दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि 'वाढायला लागा' हा निरोप हातोहात थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो. निरोप सुटला असेल, तर पेशींचा अर्क तपासताना फिल्मवर काळी पट्टी उमटते. दुसऱ्या बशीत नुसते साध्या पाण्याचे थेंब. तिची पट्टी कोरी राहायला हवी. तीही काळी आली, तर कडी हार्मोननेच वाजवली हे कशावरून?

सोमवारी समिती बसणार होती. तोवर निकाल नाही लागला तर अबोलीची शिष्यवृत्ती बंद. तिचे वडील तर तिला घरी न्यायला टपलेलेच होते. बाईंचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता.

"आता मीच जातीने लक्ष घालते," त्या म्हणाल्या आणि कंबर कसली.

सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावर असतानाच, त्या उबदार इन्क्युबेटर उघडून दोन्ही बशा बाहेर काढत. सूक्ष्मदर्शकाखाली धरत, उजेडाकडे तिरक्या करत, "बऱ्या आहात ना गं?" असं विचारून परत ठेवत. चहा झाला की पुन्हा एकदा. जेवायला जाताना उगीच आणखी एकदा. मायेचा स्वभावच तो. "ही कुंडीत बी पेरते आणि संध्याकाळी कोंब आला का बघायला उकरते," असं त्यांचा नवरा पाहुण्यांना सांगे, आणि सगळ्यात जास्त बाईच हसत.

पट्टी काळीच येत राहिली. बाईंनी रसायनं बदलली, बशा बदलल्या, अबोलीचे हातमोजेसुद्धा बदलले. शेवटी न राहवून म्हणाल्या, "तुझंच कुठेतरी चुकतंय, बाळा."

अबोलीने पुन्हा दोन नव्या बशा मांडल्या.

बुधवारी उजाडताच बाईंची दाढ अशी ठणकली की दातांच्या डॉक्टरांनी ती उपटून त्यांना सरळ घरी धाडलं. फोनवरून त्यांनी ढीगभर सूचना दिल्या. बधिर तोंडातून बाहेर पडलेली एकही अबोलीला कळली नाही.

गुरुवारी सुजलेला गाल सावरत बाई आल्या. आदल्या दिवशीची फिल्म उजेडात धरली. हार्मोनची पट्टी काळी. शेजारची कोरी, अगदी धुतल्यासारखी.

बाईंनी फिल्म उलटसुलट करून पाहिली. "काय केलंस वेगळं?"

"काही नाही."

"असं कसं? पाणी बदललंस? बाटली नवी फोडलीस? आठव बघू नीट."

अबोलीने फिल्म बाईंच्या हातून घेतली. मग महिन्याभराचं बोलणं एका दमात बोलून गेली. "बाई, बशी हिंदकळली, पेशींना गार वारा लागला, तरी आत तोच निरोप सुटतो. तुम्हीच शिकवलं होतंत आम्हाला."

बाईंचा हात सुजलेल्या गालावर गेला.

"सोमवारच्या आत हाच निकाल आणखी दोनदा यायला हवा," अबोली म्हणाली आणि तिने आवाज अजूनच खाली आणला. "दुसरी दाढ कधी काढू म्हणालेत डॉक्टर?"