पाहुण्याची खुंटी

सासरे हाडाचे सुतार. मुलाकडे परदेशी आले तरी हात स्वस्थ बसेनात. घरातलं एकेक कुरकुरणारं दार त्यांनी गप्प केलं. स्वतःचा कोट मात्र कायम खुर्चीच्या पाठीवर. “बाबा, एक खुंटी ठोका की,” सून म्हणायची. “पाहुण्यानं भिंतीला भोक पाडू नये, पोरी.” व्हिसा संपत आला तसा कोट बॅगेत गेला. आज सकाळी सुनेनं व्हिसाच्या अर्जाचा निकाल सांगितला: इथल्या सरकारनं मुक्काम वाढवून दिला, दोन वर्षं. सासऱ्यांनी नातीला भिंतीशी उभं केलं, तिच्या खांद्याजवळ पेन्सिलनं खूण केली. वर दुसरी, तिसरी, पार आपल्या डोक्यापर्यंत. “एवढ्या खुंट्या?” “दोनच. वरची माझी. खालची हिची, दरवर्षी एक खूण वर सरकवायची.” सुनेनं खुणा मोजल्या. “बाबा, वर्षं दोनच मिळालीत.” “ते त्यांचं माप. तू हातोडा आण.” सुनेनं आधी बॅगेतला कोट काढला, मग हातोडा आणला.