शेवरीच्या पाण्यातलं हृदय

काचेच्या पेटीत वाढणारं स्वतःचं नवं हृदय बघायला रत्नाकर सुर्वे मोठ्या उत्साहाने आले. त्यांच्याच पेशींपासून, गर्भात वाढतं तसंच ते वाढवलं जात होतं. पण पेटीत नुसती एक सरळ नळी धडधडत होती.

“एव्हाना हिला वळण पडायला हवं होतं,” डॉ. मृदुला कोलते म्हणाल्या. “मग कप्पे झाले असते. आता होणार नाहीत.”

“का?”

“शेवरी नदीचं पाणी वापरलं. तुमच्या कारखान्याचं सांडपाणी मिसळतं तिथलं.”

सुर्व्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पाण्याने गर्भाला काही होत नाही, असं त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, तेही हसत. शेवरीकाठी राहणाऱ्या मृदुलाबाईंची लेक अशाच न वळलेल्या हृदयामुळे पोटातच गेली होती. ते हसू त्या विसरल्या नव्हत्या.

“डॉक्टरबाई, दुसरं लावा. चांगल्या पाण्यात,” सुर्व्यांनी हात जोडले.

ते जोडलेले हात मृदुलाबाईंनी डोळे भरून पाहिले.

“लावते की,” त्या म्हणाल्या. “चांगलं पाणी कशाला लागतं, तेवढं आधी कोर्टात सांगून या.”