आधी दुखतंय ते

गॅरेजवाल्यानं आईला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, ते त्याला सापडलेलं, कुणीतरी सोडून दिलेलं कुत्रं धरायला. लूत भरलेलं ते धूड स्कूटरवर तिच्या मांडीवर बसून आलं, थेट सुजलेल्या गुडघ्यांवर. त्या गुडघ्यांना वर्षभर एकच औषध मिळत होतं, "आई, वय झालं तुझं. चालायचंच."

डॉक्टरांनी कुत्रं उलटंपालटं करून पाहिलं. "सगळीच बोंब आहे. पैशाची ओढाताण असेल तर आधी दुखतंय ते बघू. कानात अळ्या झाल्यात, ते आज. लूत पुढच्या आठवड्यात, दात सावकाश."

"कानाचं आत्ताच करा," गॅरेजवाला कळवळला. "बिचाऱ्यानं किती दिवस दुखणं अंगावर काढलंय! घरातल्यांना दिसत नव्हतं का? माणसं आहेत की दगड?" आणि त्यानं कुत्र्याच्या कपाळाचा मुका घेतला. "माझं सोनं ते!"

म्हातारीचा नुसता जळफळाट झाला. लेक तिच्याशी इतक्या लाडानं शेवटचं कधी बोलला होता, तिला आठवेना.

"काय रे," ती म्हणाली, "हे तुला सापडलं कुठं?"

"का गं?"



"मलाही तिथंच नेऊन सोड. आणि मग उचलून आण."