परत आलेले डबे

कुणालनं फाइल उघडली आणि नजर वर न करताच म्हणाला, "काकू, तुमचे डबे नापास झालेत."

विद्युल्लताबाईंना आधी हसूच आलं. शाळेत पोरं नापास होतात, डबे कसे होतील? पण समोरचा मुलगा थट्टा करत नव्हता. गळ्यात टाय, टेबलावर पाटी : एन्व्हायर्न्मेंट मॅनेजर. चार वर्षांपूर्वी आखातात नवीन आला तेव्हा हाच अल मनखूल वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहायचा आणि बाईंच्या डब्यातली आमटी नुसती, वाटीनं प्यायचा.

त्याच्या कंपनीच्या लेबर कॅम्पचं जेवण बाईंच्या किचनमधून जात होतं. दोनशे माणसं, दोनशे स्टीलचे डबे. दुपारी भरून जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि किचनमधली भांडीवाली नर्मदा ते घासायची. दोन हजार एक साली कंपनीला एकाएकी पर्यावरणाचा उमाळा आला. आयएसओचं सर्टिफिकेट असल्याशिवाय मोठी टेंडरं मिळत नाहीत म्हटल्यावर असे उमाळे येतातच. मग सप्लायरनाही मार्क द्यायचं ठरलं. बाईंना वाटलं होतं, या परीक्षेत तरी आपलाच पहिला नंबर.

"नापास कशात?"

"पाण्यात. डबे धुवायला पाणी बघा किती जातं. इथलं पाणी म्हणजे समुद्राचं गोडं केलेलं, त्याला एनर्जी किती लागते! ते सगळं काउंट होतं. थर्माकोलच्या खोक्याला पाणी झीरो."

"आणि जेवण झाल्यावर ते खोकं कुठं जातं?"

"वेस्टवाल्याकडे. तो वेगळा सप्लायर आहे, काकू. त्याचा फॉर्म वेगळा."

शेजारच्या कॅम्पला दुसरा केटरर अशीच खोकी पुरवायचा. ती कॅम्पमागच्या वाळूत उडत असायची, तारेच्या कुंपणाला अडकलेली असायची. बाईंनी ती पाहिली होती. कुणाल तर रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला यायचा.

"शिवाय हायजीन," तो घाईनं पुढं म्हणाला. "ऑडिटरनं परत आलेले डबे उघडून पाहिले. निम्म्या डब्यांत अन्न सापडलं. साखर, खजूर, गुळाचा खडा. मुंग्यासुद्धा होत्या. रिपोर्टमध्ये 'अस्वच्छ, अन्नाचे अवशेष' असं आलंय."

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली घराघरातली रीत. खेड-गुहागरच्या पोरांनी ती कॅम्पात नेली आणि त्यांचं बघून बिहारी, तेलुगू सगळेच शिकले. डबा विसळायचा, पुसायचा आणि चिमूटभर काहीतरी घालून झाकण लावायचं. दिवसभर उन्हात सळ्या वाहणारी माणसं, पण डबा मोकळा पाठवायला त्यांना लाज वाटायची. नर्मदा ती साखर एका बरणीत जमवायची, आणि शुक्रवारी तिचीच खीर होऊन ती पुन्हा कॅम्पात जायची.

"ऑडिटरबरोबर तू होतास ना?"

"होतो."

"मग सांगितलं का नाहीस? तूसुद्धा लिमलेटच्या गोळ्या घालून पाठवायचास."

"काय सांगणार, काकू?" कुणालनं फाइलचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. "फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

बाईंना संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. परक्या माणसाला कळलं नाही, हे समजण्यासारखं होतं. याला तर सगळं कळत होतं आणि हा गप्प उभा राहिला होता.

"तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "खोकी सुरू करा, कॉन्ट्रॅक्ट तुमचंच. मी वरती बोललोय, खलास. एक खोकं पंधरा फिल्सला पडतं, म्हणजे दोन रुपयेसुद्धा नाहीत. उलट नर्मदाचा पगार वाचेल."

नर्मदाचा व्हिसा किचनचा होता. घासायला डबे नाहीत म्हणजे तिला काम नाही, आणि काम नाही म्हणजे देवगडला परत. तिथं दोन मुली तिच्या पैशांवर कॉलेज शिकत होत्या. सही केली तर एकटी नर्मदा जाणार होती. नाही केली तर तिच्याबरोबर दोन्ही आचारी, व्हॅनवाला हमीद आणि किचनसुद्धा.

बाईंनी कागद पुढं ओढला. सही नेहमीसारखीच वळणदार आली आणि त्याचाच त्यांना राग आला.

कुणालचा जीव भांड्यात पडला. त्यानं चहा मागवला, खुर्ची जरा जवळ ओढली.

"आता एक रिक्वेस्ट, काकू. पुढच्या महिन्यात कंपनीचा एन्व्हायर्न्मेंट डे आहे. पाहुण्यांना काहीतरी ग्रीन गिफ्ट द्यायचंय. तुमचे डबे आता पडूनच राहणार ना? आम्ही वर लोगो मारून ते देऊ. स्टील म्हणजे एकदम सस्टेनेबल. आणि ते रीयूजमध्ये धरतात, तुम्हालाही पैकीच्या पैकी मार्क मिळतील."

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली. चहा यायचा होता, पण त्या थांबल्या नाहीत.

"घेऊन जा," त्या दाराशी म्हणाल्या. "व्हिसा कॅन्सल होईपर्यंत नर्मदा आहे. तिला सांगते, जायच्या आधी सगळे एकदा लख्ख घासून ठेव म्हणून."