पांढरा फ्रॉक

जन्मजात मेंदूविकारामुळे ब्रिटनीच्या तोंडातून सतत लाळ गळायची. चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या विधीचा, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक तरी कोरडा राहावा म्हणून तिच्या आईने, कॅथरिनने, हट्टाने तिच्या लाळग्रंथींत लाळ कमी करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायला लावलं. "तोंड फार कोरडं पडू शकतं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "पडू दे," कॅथरिन म्हणाली होती.

आज फादरांनी ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती तिच्या जिभेवर ठेवली आणि ती टाळूला चिकटली. ब्रिटनीला गिळता येईना. डोळे विस्फारले.

"पाणी देऊ?" कॉन्रॅडने, तिच्या बापाने, विचारलं.

"ठसका लागेल. थांब."

कॅथरिन लेकीचा गळा चोळत राहिली. शेवटी ब्रिटनीने आवंढा गिळला आणि लाळेची बारीक धार फ्रॉकवर उतरली. कॉन्रॅडने सवयीने रुमाल काढला.

कॅथरिनने त्याचा हात धरला. "गळू दे."