कामाच्या जागी कुंकू

गुरुदत्त ताटाकडं न बघता जेवतो आणि आमटीपेक्षा मतंच जास्त वाढतो, ही ताराक्कांची तक्रार होती. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या इस्लामपूरहून ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आल्या, तेव्हापासून घरात बाळाचं बोलणं कमी आणि मोटरसायकलचं जास्त. ह्यूस्टनचे झाडून सगळे गाडीवाले आंधळे; रोज ऑफिसला जाताना त्यांच्या वाटचं आपणच बघायचं. हेल्मेट घालायचं का नाही ते ज्याचं डोकं त्यानं ठरवावं, सरकारनं मध्ये पडू नये. आणि पिस्तूल म्हणजे, सांभाळणारा शहाणा असेल तर, विळीइतकं गरीब. दर शनिवारी तो नेमबाजीच्या रेंजवर जायचा, कागदाच्या माणसाला भोकं पाडायचा आणि तो कागद जेवताना उलगडून दाखवायचा.

"कागदाचा माणूस उभाच राहतो की रे," ताराक्का एकदा म्हणाल्या होत्या. "त्यात मर्दुमकी कसली?"

हत्याराचं मात्र त्यांना वावडं नव्हतं. सासरी देवघराच्या भिंतीवर तलवार होती, आणि खंडेनवमीला ती पुजल्याशिवाय कुणी पाणी प्यायचं नाही. म्हणून आज सकाळी त्यांनीच फर्मान काढलं. गॅरेजमधल्या मोटरसायकलला हळदकुंकू लागलं, हँडलला झेंडू अडकला. पाटावर गोधडीत गुंडाळून आणलेली विळी आली, पक्कड आली, पाने आले. मग त्या म्हणाल्या, तुझं ते पिस्तूलपण आण, पोटापाण्याचं नसलं तरी हत्यार ते हत्यार.

गुरुदत्त खूश झाला. ऑफिसला निघायच्या तयारीत, अंगात जाकीट, तसाच आत जाऊन तो पिस्तूल घेऊन आला. आईसमोर मुठीतून गोळ्यांचं मॅगझिन खाली ओढून काढलं आणि खिशात टाकलं.

"एम्प्टी आहे, आई. चेक केलंय मी."

त्यानं ते पाटावर ठेवलं, पण आडवं. ताराक्कांनी सरळ केलं. तलवार मांडायची तीच रीत: मूठ पुजणाऱ्याकडं, टोक पलीकडं. पलीकडं वसुधा होती. तिला सातवा महिना, खाली बसवत नव्हतं, म्हणून ती खुर्चीत बसून निरांजन पेटवत होती.

कुंकू लावायचं ते हत्याराच्या कामाच्या जागी. विळीच्या पात्याला लावलं, पकडीच्या दातांना लावलं. पिस्तुलावर बोट थबकलं. ह्याची कामाची जागा कुठली, त्यांनी विचारलं. गुरुदत्त कौतुकानं वाकला आणि त्यानं चाप दाखवला. ताराक्कांनी ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि चापाला टेकवलं. नीट लागलं नाही असं वाटून पुन्हा एकदा टेकवलं. नळीवर हळद वाहिली, अक्षता वाहिल्या.

तेवढ्यात गुरुदत्त कळवळला. हळदीची पूड आत गेली तर सगळं जाम होतं म्हणे. त्यानं पाटावरून पिस्तूल उचललं, आत फुंकर घालावी म्हणून वरचा भाग खस्सकन मागं ओढला.

आतून एक गोळी उडाली आणि तबकात पडली.

आवाज तो काय, वाटीत चमचा पडावा एवढा. ती पिवळीधमक गोळी अक्षतांमध्ये थोडी घरंगळली आणि सुपारीला टेकून थांबली.

ताराक्कांचा हात तसाच राहिला, कुंकवाचं बोट वर. ते बोट कशावर टेकलं होतं आणि ती नळी कुणाकडं होती, हे त्यांना एकदमच दिसलं.

वसुधानं निरांजन जपून खाली ठेवलं. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती नवऱ्याकडं बघत राहिली.

गुरुदत्त पिस्तूल उजेडाला धरून आत बघत होता. पुन्हा वरचा भाग ओढला, बोट घालून चाचपलं, पुन्हा ओढला. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं थांबत नव्हतं. मॅगझिन काढलं तरी एक आत राहू शकते, ते तर बेसिक आहे. शनिवारी रेंजवर कुणीतरी मध्येच हाक मारली असणार, म्हणून विसरलं. आता सिस्टिम करतो, डबल चेक.

"हे असं होत नाही, आई," तो पिस्तुलाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नाइन्टी नाइन पर्सेंट लोक तर चेकसुद्धा करत नाहीत."

ताराक्कांनी तबकातली गोळी उचलली. एवढीशी वस्तू, पण हाताला जड लागली. ती त्यांनी मुठीत मिटली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वसुधाच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

"गोळी राहिली, ते चुकलं. चापाला मी बोट लावलं, तेही चुकलंच म्हण," त्या म्हणाल्या. "पण ती पडल्यापासून तू त्या लोखंडाला चारदा उलटंपालटं करून बघितलंस, गुरू. हिच्याकडं अजून एकदाही बघितलं नाहीस."